पिलांवर उभा असलेला मासा

गळ टाकणाऱ्या माणसाला हवामानासारखी दुसरी सोय नाही. मासा लागला तर हातगुण, नाही लागला तर वारा फिरला. कुंभकोणमच्या आसपासच्या तळ्यांवर ही सोय चैत्र-वैशाखात सगळ्यांत जास्त वापरली जाते, कारण त्या दिवसांतलं आभाळ कुणाचंच ऐकत नाही. कावेरी आणि अरसलार दोन्ही वाळूवर आलेल्या असतात. मेट्टूरचं धरण 12 जूनला उघडायचं हा रिवाज. पण 2022 साली पाणी 24 मेलाच सुटलं आणि 2024 साली 28 जुलैपर्यंत वाट पाहावी लागली. तोवर मासे काय आणि माणसं काय, तळ्यांत उरलेल्या पाण्यावर दिवस काढतात. मध्येच एखाद्या संध्याकाळी वळीव येतो. इथे त्याला कोडै मळै म्हणतात, उन्हाळ्याचा पाऊस.

वळवाच्या आधी तळं गप्प होतं. रोहू-कटला खाली जातात, आमिषाला तोंड लावत नाहीत. पाऊस पडून गेल्यावरही पाणी निवळेपर्यंत काठावरची माणसं नुसती बसून असतात. कारणं प्रत्येकाची वेगळी. कुणी हवेचा दाब म्हणतो, कुणी वरच्या थराचा गारवा, कुणी नुसतंच आकाशाकडे बोट दाखवतो. मला त्या वादापेक्षा त्या दिवशीही हमखास लागणाऱ्या एका माशाचं कोडं पडलं आहे.

तो म्हणजे मरळ. तमिळमध्ये विराल. मरळ हवेत श्वास घेते, थोड्या थोड्या वेळाने वर येऊन घोट घेते, त्यामुळे तिचा ठावठिकाणा लपत नाही. पावसाने पाणी नवं झालं की ती काठच्या गवतात अंडी घालते. पिलं निघाली की त्यांचा तांबूस-केशरी थवा पाण्याच्या वरच्या थरात हलताना दिसतो, कुंकवाची चिमूट पडून पसरावी तसा. त्या थव्याखाली नर-मादी राखणीला असतात. पुष्कळदा नर एकटाच. हा मासा वाऱ्याला, ढगाला, गढूळ पाण्याला जुमानत नाही, कारण त्याला जाता येत नाही. गळाला बेडूक लावून थव्याच्या मधोमध टाकला, की तो झेपावतो. त्याला भूक लागलेली नसते. पिलांवर कुणीतरी आलं, एवढंच त्याला कळतं.

म्हणजे हवा बिघडली की पोटासाठी चावणारे मासे वाचतात आणि पिलांसाठी चावणारा तेवढा सापडतो.

मी मासे खाणारा माणूस आहे आणि तो सोडण्याचा विचार नाही. खावं की खाऊ नये, हा प्रश्न मी इथे मांडतच नाही. गळ ही मुळातच फसवणूक आहे, हेही मान्य. पण भुकेला फसवणं आणि राखणीला फसवणं यांत फरक आहे असं मला वाटतं. भुकेच्या बाबतीत मासा आणि माणूस एकाच पातळीवर असतात. दोघंही खायला आलेले. राखणीच्या बाबतीत त्याला यायचंच नव्हतं. त्याच्या ज्या वागण्याला माणसात आपण थोरवी म्हणतो, त्याच वागण्यावर आपण काटा बसवलेला असतो.

तळ्यावरच्या एका अण्णांना हे पटत नाही. ते रोजंदारीवर जातात, काम नसेल त्या दिवशी गळ घेऊन येतात. त्यांचं म्हणणं असं, की विराल कुणी चैनीसाठी घेत नाही. ऑपरेशन झालेल्याला, अशक्त झालेल्याला ती देतात, जिवंत मासळीला भाव मिळतो तो त्यामुळेच. "त्याची पिलं आहेत सार, तशी माझीही आहेत." यावर उत्तर देणं सोपं नाही. आमच्या कोकणात तर मृगाच्या पहिल्या पावसाला चढणीचे मासे धरतात, गाभोळीने भरलेले, ओढ्याच्या उलट्या पाण्यातून शेताकडे निघालेले. आख्खा गाव कंदील घेऊन बाहेर पडतो आणि पावसानेच धाडले म्हणून कुणाच्या मनात किंतू येत नाही. पण पाऊस काही आपल्यासाठी धाडत नाही. तो पडतो, आणि आपण वाटेत उभे राहतो.

समुद्राच्या बाबतीत हा विचार कायद्यात आलेला आहे. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पण ते वेळापत्रक कॅलेंडरचं, मरळीचं वेळापत्रक वळवाचं. आणि तळ्यावरच्या एकट्या गळापर्यंत तो कायदा पोचतही नाही. उत्तर अमेरिकेतल्या सरोवरांवर क्रॅपी नावाचा मासा वसंतात असाच उथळ पाण्यात येऊन घरटं करतो आणि नर राखण करतो. अचानक थंडीची लाट आली की बाकीचे खोल पाण्यात परततात. लाट फार कडक असेल तर नरही घरटं सोडतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात बास माशासाठी बऱ्याच भागांत वसंतात बंदी असते, कारण नर वर ओढला की अंडी-पिलं खायला शेजारचे मासे टपलेलेच असतात. इथल्या तळ्यात तेच होतं, फक्त कुणी मोजत नाही.

शैव दीक्षेच्या परंपरेत एक जुनी उपमा आहे, मासा आपली पिलं नुसत्या नजरेने वाढवतो अशी. मराठीत हा मान आपण कासवीला दिला. कासवी अंडी वाळूत पुरून निघून जाते, मागे वळूनही पाहत नाही. संतांच्या लाडक्या दृष्टांताला प्राणिशास्त्राचा आधार नाही. मरळ मात्र खरोखरच उभी राहून पाहते.

अण्णांशी मी वाद घालत नाही. वळवानंतरच्या आठवड्यात त्यांच्याकडून विराल घेत नाही, एवढंच. ते हसतात आणि जिलेबी केंडै पुढे करतात. जिलेबी केंडै म्हणजे तिलापिया, 1952 साली भारतात आणलेला परका मासा, आता प्रत्येक तळ्यात. त्याची मादी अंडी आणि पिलं तोंडात सांभाळते, आणि तोंडात पिलं असेपर्यंत काही खात नाही. त्या दिवसांत तिच्यासमोर कितीही चांगलं आमिष टाका, ती तोंड उघडत नाही.