आजचं चिंतन : गरे आणि आठळ्या (गीता १७.२०)



आज सतराव्या अध्यायातला विसावा श्लोक. परतफेड करू न शकणाऱ्याला, योग्य जागी, योग्य वेळी, पात्र माणसाला, 'द्यायला हवं' एवढ्याच भावनेनं दिलेलं ते सात्त्विक दान, असं भगवंत सांगतात.

वाचताना मला फणस आठवला. आमच्या रसायनीचं नावच कारखान्यांचं, पण आसपासच्या गावांत परसातले फणस अजून उभे आहेत. मे महिन्यात हाताला आणि कोयत्याला खोबरेल तेल लावून एक फणस फोडला की चार माणसांच्या घराला तो काही संपत नाही. कापा असेल तर एखादा दिवस तग धरतो, बरका तेवढाही थांबत नाही. मग ताटल्या भरभरून शेजारीपाजारी जातात.

हे दान झालं का? मला तसं वाटत नाही. जे ठेवताच येत नाही ते दिलं, तर आपण नक्की काय सोडलं? शिवाय आठवड्याभरात त्याच ताटलीतून आंबे परत येतात. हे वाटून खाणं आहे, आणि ते चांगलंच आहे. त्यानं वाडी बांधलेली राहते. पण श्लोकातला 'अनुपकारी' माणूस यात कुठेच नाही.

खरी परीक्षा आठळ्यांची. गरे वाटताना आपला हात मोकळा असतो, आठळ्या मात्र आपण गोळा करून ठेवतो. सुकवून, माती लावून ठेवल्या की पावसाळ्यात भाजी होते. मिठाच्या पाण्यात उकडल्या किंवा चुलीत भाजल्या तर संध्याकाळचं खाणं होतं. म्हणजे आठळी ही साठवता येणारी गोष्ट आहे (आमच्या भाषेत स्टोरेज!), आणि साठवता येतं तिथेच हात आखडतो.

आता 'काळ' बघा. पाऊस लागला की वीटभट्ट्या बंद होतात. कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांवरची माणसं भट्टीवरून परत आलेली असतात आणि हाताला काम कमी असतं. मे महिन्यातल्या गऱ्यांपेक्षा जुलैतली पायलीभर आठळी तिथे जास्त मोलाची. त्या ताटलीतून आंबे परत येणार नाहीत, हेही आपल्याला माहीत असतं.

कुणी म्हणेल, झाड बघा, ते कसं निरपेक्ष देतं! मला हा दाखला पटत नाही. झाडाला न देण्याची सोयच नाही. आणि गोड गरा हे आठळी लांब नेऊन टाकण्याचं भाडंच म्हणायचं. आपण भाडं घेतो आणि आठळीही उकडून खातो.

एक गोष्ट मात्र श्लोकाच्या अगदी जवळची. फणसाचं बी फार काळ जिवंत राहत नाही. भाजीसाठी सुकवलेली आठळी पुढे रुजत नाही, लावायची तर ताजीच लावावी लागते. बियापासूनच्या झाडाला फळ धरायला बरीच वर्षं जातात. ते कोण खाईल, परसू तेव्हा कुणाचं असेल, काय सांगावं? यंदा फणस फोडाल तेव्हा दोन आठळ्या ओल्याच बाजूला काढून ठेवा. पहिल्या पावसात लावता येतील.