शरणागत ससा आणि ज्ञानगंगेचे रान

लीळाचरित्राच्या एकांकात ससिकरक्षणाची लीळा आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी झाडाखाली आसनस्थ असता कुत्र्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत आला आणि त्यांच्या जानूखाली दडला. मागोमाग शिकारी आले व ससा मागू लागले. तो होडेचा ससा होता. तो हातचा गेला तर आपसात शस्त्रे निघतील, अशी त्यांची अडचण होती. शरण आलेल्या जीवास मरणाच्या हाती देणे नाही, हे स्वामींनी त्यांस समजावून सांगितले आणि ते परतल्यावर जानू उचलून सशाला आदराच्या शब्दांनी निरोप दिला. पोथीत ही लीळा थोडक्याच ओळींची आहे. निरूपणात मात्र ती बहुधा दयेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि तेथेच सोडून दिली जाते.

तिच्यातून निघणारा प्रश्न सोपा नाही. जीव अनादी अविद्येने बद्ध आहे, नाना योनींतून कर्मफळ भोगीत आहे, प्रपंच अनित्य आहे, आणि सोडविणारा एक परमेश्वरच आहे, हे ज्याने ऐकले त्याने रानातील पशूंच्या रक्षणाची चिंता का वाहावी? ससा आपले फळ भोगीत होता, कुत्री आपले. रानाविषयीची ओढही एक मोहच नव्हे काय? हा आक्षेप केवळ वादासाठी घेतला जातो असे नाही. निवृत्तीचा अर्थ प्रामाणिकपणे शोधणाऱ्या साधकाच्या मनातही तो येतो.

परंतु त्या सशालाही कर्मफळ होतेच, आणि तरी स्वामींनी जानू उचलली ती शिकारी गेल्यावर. दुसऱ्याचे कर्मफळ हे आपल्या निष्क्रियतेचे निमित्त होऊ शकत नाही, एवढे यातून निश्चित निघते. ज्याचे फळ त्याला मिळेल. पण समोर आलेल्याला ढकलून देण्याचे कर्म मात्र ढकलणाऱ्याचे राहते. शिवाय आचारमार्गात साधकाला वस्तीचा आश्रय सोडून झाडातळी जन्म घालविण्याची आज्ञा आहे. झाडच उरले नाही तर ती आज्ञा पाळावी कोठे? वृक्षमूळ हे भिक्षूचे घर असेल, तर त्याच घरात राहणाऱ्या इतरांना परके म्हणता येत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न ग्रंथापुरता उरत नाही. मेहकर आणि लोणार ही स्वामींच्या चरणांनी पुनीत झालेली स्थाने. यादवराजा कान्हरदेव दर्शनास आला तो लोणारलाच. त्याच लोणारच्या विवराभोवतीचे रान २००० साली अभयारण्य झाले आणि २०२० साली सरोवराला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा अनेकांचे लक्ष प्रथमच तिकडे गेले. जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्यातील अंबाबरवा आहे, आणि बुलढाणा व खामगाव यांच्या मध्ये, बोथ्याच्या घाटाभोवती, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. तेही १९९७ सालचे. अस्वल, बिबट्या, तरस, रोही, चिंकारा यांचे हे रान. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेते, नाले आणि रस्ते ओलांडीत, तेलंगणातही शिरून, सुमारे १,३०० किलोमीटर चालून २०१९ च्या डिसेंबरात येथे पोहोचला. वाटेत शेकडो गावांच्या शिवारांतून तो बहुधा रात्रीचाच गेला. एवढ्या वाटेवर त्याला कोणी मारले नाही, ही गोष्ट त्या गावांच्या पुण्याईत धरली पाहिजे.

‘अभयारण्य’ हा शब्दच विचार करण्याजोगा आहे. अभयदान हे दानांत श्रेष्ठ खरे. पण येथे अभय मिळाले ते पशूंना, आणि भय उरले ते काठावरच्या शेतकऱ्याला. रानडुकरांचा कळप एका रात्रीत मक्याचे रान आडवे करतो, रोही तूर आणि हरभऱ्याचे शेंडे खुडून नेतात. थंडीत माळ्यावर जागल करणाऱ्या वासनिकाला ससिकरक्षणाची लीळा सांगणे सोपे आहे. सांगणाऱ्याचे पीक गेलेले नसते. लीळेतील शिकाऱ्यांनी होड लावली होती. शेतकऱ्याने कोणतीच होड लावलेली नाही. त्याच्या बाजूला लेकरांचा घास आहे. या दोघांना एका मापाने मोजणे हा अविचार होय.

तथापि शेतकऱ्याचे दुःख खरे आहे म्हणून त्याचा प्रत्येक उपाय निर्दोष होत नाही. कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडणे हा अलीकडचा सर्वात घोर उपाय. लीळेतील शिकारी समोर उभे होते, म्हणून त्यांच्याशी बोलता आले आणि त्यांचे मन वळले. तारेशी बोलता येत नाही. डुकरासाठी लावलेली तार बिबट्याला मारते, शेजाऱ्याच्या बैलाला मारते, पहाटे पाण्यावर निघालेल्या माणसालाही मारते. आणि लावणारा त्या वेळी घरी झोपलेला असतो. हिंसा करून तिच्यापासून दूर राहण्याची ही सोय हिंसेहूनही वाईट म्हटली पाहिजे, कारण तिच्यात पश्चात्तापाला जागाच राहत नाही.

मग भार कोणी उचलावा? एकट्या शेतकऱ्यावर तो टाकणे अन्याय्य, आणि केवळ वनखात्यावर टाकला तर रान सरकारचे व नुकसान गावाचे, अशी फूट पडते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटाच्या पायथ्याच्या पायविहीर गावाने निराळी वाट धरली. वनहक्क कायद्यान्वये २०१२ साली उजाड रानावर सामूहिक हक्क मिळताच गावाने ते राखले, झाडे लावली, सीताफळे मुंबईपर्यंत विकली. २०१४ साली जैवविविधता-रक्षणाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास लाभला. तेथे राखणाऱ्यालाच रानाचे फळ मिळाले. राज्याच्या २०१५ च्या जन-वन विकास योजनेतही अभयारण्यालगतच्या गावांनी समिती करून इंधन, कुंपण, रोजगार यांचा विचार एकत्र करावा, अशी तरतूद आहे. समित्या कागदावर असणे वेगळे आणि ज्याचे पीक गेले त्याच्या बांधावर दुसऱ्या दिवशी चार माणसे पंचनाम्यासाठी उभी राहणे वेगळे. दुसरे जेथे घडते तेथे तार लागत नाही.

हे काम भिक्षूचे नव्हे, असे कोणी म्हणेल. समितीचे हिशेब आणि कुंपणाचे खांब हे खरोखर त्याचे नव्हेत. त्यात गुंतणे त्याच्या आचारास बाधकच होईल. परंतु अटन करणारा भिक्षू ज्या दारी भिक्षेला उभा राहतो, त्या दारीच जागल करून आलेला माणूस बसलेला असतो. त्याची रात्र कशी गेली हे विचारणे आणि मग लीळा सांगणे, हा क्रम त्याला पाळता येईल. वासनिकांना आणखी एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. लोणारच्या स्थानवंदनास जाणारे यात्रेकरू विवरात उतरताना साबण, प्लॅस्टिकच्या पिशव्या, उपहाराचे कागद घेऊन उतरतात आणि वर येताना हात रिकामे असतात. त्या पिशव्या मागाहून काठावरच्या मोरांच्या व वानरांच्या वाट्याला येतात.