कातळातली गोगलगाय

महाराष्ट्राची बहुतेक भुई म्हणजे काळा कातळ, आणि कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. त्या उकळत्या रसात काय टिकणार? म्हणून जीवाश्म पाहायचे तर कच्छला जावं, स्पितीला जावं, असं आपण धरून चालतो. पण हा लाव्हा काही एका दमात ओतला गेला नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एक थर निवायचा आणि पुढचा यायला बराच काळ लागायचा. तेवढ्यात पाणी साचून तळी व्हायची, काठाला ताड उगवायचे, गाळात गोगलगाई फिरायच्या. मग नवा लोंढा सगळं झाकून टाकायचा. दोन कातळांमधला हा गाळाचा पट्टा विदर्भात जागोजागी उघडा पडलेला आहे.

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपूरला आले होते धर्मोपदेशाला. नाद लागला दगडांचा. नागपूरजवळच्या टाकळीच्या अशाच थरांतून त्यांनी फळं, बिया, शंखशिंपले, अगदी कीटकांच्या पंखांची टरफलंसुद्धा गोळा केली. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर लिहिलेला त्यांचा निबंध १८५५ साली लंडनमध्ये छापला गेला.

या थरातला गारगोटीसारखा दगड दिसायला अगदी सामान्य. रस्त्याच्या खडीत पडला तर कोणी ढुंकून पाहणार नाही. जरा ओला करून तिरक्या उन्हात धरावा, तेव्हा राखाडी अंगावर पांढुरकी वेटोळी उमटतात. ही फायसा नावाची गोड्या पाण्यातली गोगलगाय. टोक वर करून धरली तर हिचं तोंड डावीकडे उघडतं. बहुतेक गोगलगाईंचं उजवीकडे असतं. एवढी बारीक खोडसुद्धा दगडाने जपून ठेवली आहे! हाडांचे सांगाडे पाहायला रांगा लागतात हे खरं, पण नखाएवढा शंख आपला आपल्याला सापडण्यातली गंमत मला त्याहून मोठी वाटते. त्याच्याशेजारी पाटी नसते. तो आपल्याआधी कुणी पाहिलेलाच नसतो.

आणि क्षुल्लक दिसणारी वस्तू कधी मोठ्या समजुतीलाही धक्का देते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा गाव आहे. तिथे शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात, लाव्ह्याच्याही आधीचे. हे बहुधा डायनासोरचंच शेण. त्यात गवतातले सूक्ष्म सिलिकाकण मिळाल्याचं संशोधकांनी २००५ साली जाहीर केलं. तोवर डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, असं बहुतेकांनी गृहीत धरलं होतं. शेणाने पाठ्यपुस्तक बदलायला लावावं, हे मला फार आवडतं.

तेव्हा विदर्भात कुठे बांधावर, नाल्याकाठी असा दगड दिसला तर वाकून जरूर पाहा. हातोडी मात्र घरी ठेवा. कुठल्या थरातून आला हे कळलं नाही, तर जीवाश्म अभ्यासकाच्या फारसा उपयोगाचा राहत नाही. फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि जवळच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या कुणाला तरी दाखवा.