न पाहिलेल्या समुद्राचे देणे

देवळ्यापासून समुद्र दूर. आपल्यापैकी कित्येकांनी तो वसईला किंवा मुंबईला पाहुणे म्हणून गेल्यावर पाहिला असेल, तोही वरूनच. मग त्याच्या पोटातले काही नष्ट झाले तर त्याचे आपल्याला काय?

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत. दिसायला दगड, पण ते जिवंत प्राणी. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, उन्हावर अन्न तयार करते आणि आपल्या यजमानाला खाऊ घालते. पाणी फार तापले की प्रवाळ या शैवालाला बाहेर टाकतात, पांढरेफटक पडतात आणि पाणी लवकर निवले नाही तर उपासमारीने मरतात. त्यांच्या कपारींत मासळी आसरा घेते, पिल्ले वाढतात. १९८७ साली शासनाने इथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले.

स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. त्यांना स्वार्थी म्हणणे सोपे आहे, विशेषतः ज्यांचे पोट कांद्यावर आहे त्यांना! उद्या कोणी परगावचा माणूस येऊन म्हणाला, "खालच्या गावच्या विहिरी आटतात, तुमचे बोअर बंद करा," तर आपण काय म्हणू? आधी आमच्या पोटाचे बघा, असेच ना? त्यात चूक काही नाही. पण खालची विहीर आटते, हेही खरेच राहते.

प्रवाळ राखले पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र राखणीचा लाभ सगळ्यांना आणि तोटा एकट्या कोळीवाड्याला, हा न्याय नव्हे. समुद्राचा तळ खरवडत जाणारा ट्रॉलर आणि गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढलेली रापण यांना एकच माप लावणे, हाही नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात प्रवाळांविषयी लिहिले. त्याच परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश त्यांनी एकत्रच ऐकायला सांगितला. आपण बहुधा सोयीचा तेवढा एकच ऐकतो.

आपल्या लोहोणेरवरून वाहणारी गिरणा पुढे तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. ते मुख मालवणपासून पुष्कळ दूर, सुरतेकडे आहे. आपल्या फवारणीने मालवणचे प्रवाळ मरतात, असे आम्ही म्हणणार नाही. पण बांधावर टाकलेली औषधाची रिकामी बाटली पहिल्या पुराबरोबर नाल्यात जाते, नाल्यातून नदीत. तिथून पुढे तिच्यावर कोणाचेच नाव नसते.