गाडी तीच, मीही तोच

वस्तू कोणाची, हे आम्हा बँकवाल्यांना कागद पाहून कळते. पण ती 'तीच' कशावरून?

बेंटलीच्या 'ओल्ड नंबर वन' गाडीने 1929 आणि 1930 साली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. 1932 मध्ये ब्रुकलँड्सला अपघात झाला. चालक क्लाइव्ह डनफी गेला. गाडी पुन्हा बांधली. मालक बदलले, भागही बदलले. पुढे सुमारे 1 कोटी पौंडांना सौदा ठरला, आणि घेणारे म्हणाले, "ही ती नव्हेच!" 1990 साली लंडनच्या कोर्टाने सांगितले, भाग बदलले तरी इतिहासात खंड नाही, गाडी तीच. मोजा पैसे!

मला पटले. खात्यात भरलेली नोट तरी कुठे तीच राहते? खाते मात्र तेच.

पण निकाल माझ्यावरच उलटला. कॉलेजात मित्राकडून फीसाठी तीनशे रुपये घेतले होते. आता केस गेले, दोन दात नवे. 'तो मुलगा उरलाय कुठे?' म्हणावे, तर त्याच्याच बी.कॉम.वर पगार घेतोय मी!

रविवारी जाऊन तीनशे दिले. मित्राने मोजले आणि म्हणाला, "व्याज नाही? म्हणजे तूच रे तो!"