बाराचे वीस

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) गुणाकाराला एक साधं उदाहरण घेतलं आहे: १३५ गुणिले १२. उत्तर १६२०. पण ते काढायच्या वाटा अनेक आहेत. बाराचे आठ आणि चार असे तुकडे करा, किंवा आधी तिनाने आणि मग चाराने गुणा. आणखी एक वाट मात्र पहिल्या वाचनात उफराटी वाटते. बारात आठ मिळवून वीस करा, १३५ ला विसाने गुणून २७०० मिळवा आणि मग त्या जादा आठांचे १०८० वजा करा.

बाराला दहा जवळचे. तरी वीस का? कारण किती मिळवायचं हे गणित करणाऱ्याच्या मर्जीवर सोडलं आहे. अट एवढीच, की घेतलेलं ध्यानात ठेवून फेडायचं.

अंदाजे उत्तर काढायच्या शाळेतल्या नियमात ही फेड नाही. एकक पाच किंवा जास्त असेल तर वरचं दशक, नाहीतर खालचं. आता ४५ गुणिले ५५ घ्या. नियमाने ५० गुणिले ६०, म्हणजे ३०००. खरं उत्तर २४७५. पाचवा हिस्सा वाढून वर आणखी थोडं! नियम मोडून ५५ खाली आणले, तर ५० गुणिले ५० म्हणजे २५००, जवळजवळ नेमकं. दोन्ही संख्या एकाच बाजूला ढकलल्या की चुका एकमेकींना जोर देतात. एक वर आणि एक खाली नेली की बऱ्याचशा आपसांत मिटतात. नियमाला हे दिसत नाही, कारण तो एका वेळी एकच संख्या बघतो. शिवाय संख्या कशाची आहे, हेही तो विचारत नाही. ४८ माणसं पंगतीला बसणार असतील तर पन्नास पानं मांडावीत. पण ४८ जण पेलणाऱ्या होडीत पन्नास चढवून चालत नाही.

कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये आपला निर्देशांक १००० पासून सुरू केला. दर व्यवहारानंतर तो नव्याने काढताना संगणक तिसऱ्या दशांश स्थळापुढचे अंक नुसते छाटून टाकी. छाटणी नेहमी खालच्याच बाजूला. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२५ च्या आसपास उतरला होता. बाजार काही बुडाला नव्हता. हिशेब दुरुस्त केल्यावर आकडा निघाला १०९८ च्या वर. कणाकणाने घेतलेलं कुणी परत केलंच नव्हतं.

एवढं सगळं असूनही मी अंदाजाच्याच बाजूचा आहे. ३९८ गुणिले २१ करण्याआधी ज्याने मनात चारशे विसे आठ हजार म्हटलं आहे, त्याला कॅल्क्युलेटरवर ८३,५८० दिसले तर खटकतं. बोट कुठेतरी चुकलं हे कळतं. बाकीचे पडद्यावरचा आकडा निमूट उतरवून घेतात. वर्गात मात्र क्रम बहुधा उलटा चालतो. हुशार मुलं आधी ८३५८ असं नेमकं उत्तर काढतात आणि मग मागे येऊन ‘अंदाजे उत्तर’ या रकान्यात ८००० लिहितात. त्यांना पूर्ण गुण मिळतात, कारण ते आठ हजार आधी सुचले की नंतर लिहिले, हे उत्तरपत्रिकेवरून कळत नाही.