ज्याला भाव ठाऊक आहे

भाच्याने क्रिकेट कार्डांची गड्डी ओटीवर पसरली आणि पहिलाच प्रश्न केला, "मामा, ह्याचे किती येतील?" खेळाडू कोण, कार्ड कुठल्या वर्षाचं, काहीच नाही. मला ते लागलं. पण चिरनेरमध्ये वाढणारं पोर दुसरं काय विचारणार? तिकडे न्हावा-शेव्याचं बंदर, मग अटल सेतू, आता विमानतळ. बांधावर थांबलेला पाहुणाही भात कसं आलंय हे न विचारता गुंठ्याचा भाव विचारतो.

आणि ही कार्डं तरी कुठे निव्वळ हौसेपोटी जन्मली? अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची चित्रं निघाली, ती सिगारेट खपावी म्हणून. त्यांतलं होनस वॅग्नरचं कार्ड फार थोडं बाहेर आलं. २०२२ मध्ये त्याच्या एका प्रतीला साडेबहात्तर लाख डॉलर मिळाले. आमच्या लहानपणी बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं यायची, त्यांवर धावा आणि बळी छापलेले. तीही गम खपावी म्हणूनच. पण आम्ही ती वहीत जपली, उशाशी घेऊन झोपलो. धंद्यासाठी काढलेल्या कागदाच्या तुकड्यात पोरांचा जीव अडकतो, याचं मला अजून नवल वाटतं.

म्हणून जमवणारा भला आणि विकणारा लोभी, ही वाटणी मला मान्य नाही. डबल आलेलं दिल्यावाचून संच पुरा होत नाही. हौसेला पैसे लागतात. ते घरखर्चातून ओढण्यापेक्षा चार कार्डं विकून उभे केलेले बरे.

अडचण येते ती जाणकारीपाशी. जमवता जमवता माणसाची नजर तयार होते. त्याच नजरेने तो वस्तूवर प्रेम करतो आणि त्याच नजरेने समोरच्याचं अज्ञानही हेरतो. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू आयुष्यभर वेचल्या. लोकांना अडगळ वाटायची तिची किंमत त्यांना कळत होती. पण १९७५ मध्ये तो सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारला दिला. अकाली गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहालयाला राहिलं. त्यांची जाणकारी शेवटी सगळ्यांच्या कामी आली.

माझी आली नाही. सहावीत असताना वाडीतल्या एका लहान मुलाकडे, आम्ही सगळे ज्यासाठी झुरत होतो ते चित्र होतं. मी त्याला पाच साधी देऊन ते घेतलं. तो उड्या मारत घरी गेला. सौदा राजीखुशीचा होता, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. पण मला ठाऊक होतं आणि त्याला नव्हतं, एवढ्यावरच तो सौदा उभा होता.

भाच्याला हे सांगितलं. तो काही बोलला नाही. बिस्किटांचे दोन रिकामे डबे मागून त्याने ठेवायची आणि द्यायची कार्डं वेगळी केली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोराकडे त्याला हवं असलेलं कार्ड निघालं. अदलाबदलीआधी त्याने खरा भाव सांगून टाकला. पोराने कार्ड उलटसुलट करून पाहिलं, खिशात घातलं आणि देत नाही म्हणाला.

भाचा हिरमुसून परत आला. ते कार्ड अजून शेजारीच आहे.